मुलगी जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे आहे, रोज रडते. घर बदलून मागू का?

सांगलीची_आई (१५ ऑक्टोबर, पहाटे २:१०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी, वय १६, रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून वर्षभरासाठी जर्मनीला गेली आहे. उत्तरेकडे, ओल्डेनबुर्गच्या बाजूचं एक छोटं गाव आहे. ऑगस्टच्या शेवटी गेली, म्हणजे आता सात आठवडे झाले. अकरावीचं वर्ष जाणार हे आम्ही धरूनच चाललोय आणि त्यावरून घरच्या-दारच्यांचं सगळं ऐकूनही झालंय, तेव्हा तो विषय कृपया नको.

पहिले पंधरा दिवस खूश होती. आता रोज रात्री एक वाजता फोन येतो, तिकडे साडेनऊ वाजलेले असतात. फोन उचलला की आधी रडणं. म्हणते, आई इथे रात्रीचं जेवणच नसतं. साडेसहाला पाव, चीज, काकडीच्या चकत्या, सगळं गार. आम्ही शाकाहारी, तसं फॉर्मवर लिहिलंही होतं, पण शाकाहारी म्हणजे गार असं कुठे लिहिलं होतं? पोर उपाशी झोपते हो. अंघोळीवरून होस्ट आई बोलली, आणि वर बाथरूमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. परवा तर "हे हॉटेल नाही" असं म्हणाली म्हणे. घरात १४ वर्षांची मुलगी आहे, ती हिच्याशी बोलत नाही.

नवरा म्हणतो, थांब जरा, जानेवारीत तसंही दुसऱ्या कुटुंबाकडे जाणार आहे. पण माझी झोप उडाली आहे. त्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना सरळ मेसेज करू का? की इथल्या क्लबला सांगून आत्ताच घर बदलून मागू? आणि भडंग, मेतकूट, तूप असं पार्सल पाठवता येतं का?

हिशेबी_नाना (१५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५)

एवढ्या लहान वयात परक्याच्या घरी पाठवायचंच कशाला म्हणतो मी.

सांगलीची_आई (१५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०)

नाना, पाठवून झालंय.

तीन_कप (१५ ऑक्टोबर, दुपारी १:४५)

ताई, आधी एक विचारते. तुमची मुलगी जेवताना पहिल्यांदा "नको" म्हणते का?

गंमत नाही करत. मी २०१२-१३ ला अशीच गेले होते, साताऱ्याहून लेअरला. लेअर ओल्डेनबुर्गहून पश्चिमेला, रेल्वेने फार तर तासाभरावर, त्यामुळे तुमच्या मुलीचं गाव माझ्या डोळ्यांपुढे आहे म्हटलं तरी चालेल. पहिला आठवडा मी खरोखर अर्धपोटी झोपले, आणि ते घर खाण्याने भरलेलं होतं. आपल्याकडे कसं, पाहुणीने आधी नको म्हणायचं. समोरची म्हणते घे गं, आपण म्हणतो बास बास, ती म्हणते अगं काहीच घेतलं नाहीस, मग आपण घ्यायचं. तिसऱ्या वेळचं उत्तर खरं, आधीची दोन नुसती रीत. तिथे होस्ट आईने पावाची टोपली पुढे केली, मी शिकवल्याप्रमाणे "नाइन, डांके" म्हटलं, आणि टोपली गेली पलीकडे होस्ट बाबांकडे. ती परत येईल म्हणून मी वाट बघत बसले. चीजची ताटली आली, परत नाइन डांके, तीही गेली. मनात म्हटलं, काय माणसं आहेत, एका शब्दाने आग्रह नाही! आणि ते काय समजत होते हे मला कळलं थेट फेब्रुवारीत. त्यांना वाटत होतं, मुलगी फारच कमी जेवते, आपलं खाणं तिला रुचत नाही, पण बिचारीवर जबरदस्ती कशाला करायची. दोन्हीकडून सगळे सज्जन, आणि मधल्या मधे मी उपाशी.

गार जेवणाचं म्हणाल तर त्याला आबेंडब्रोट म्हणतात, अर्थच मुळी संध्याकाळचा पाव. तो तिच्यावर राग म्हणून नाही, घरातले सगळेच तेच खातात. गरम जेवण बऱ्याच घरांत दुपारी असतं. तेव्हा तुमची मुलगी दुपारी कुठे असते ते विचारा. मी सुरुवातीला शाळेतून उशिरा, सायकलवर भटकत भटकत यायचे आणि वाटेत बेकरीत काहीतरी खायचे. म्हणजे जे एक गरम जेवण होतं ते मीच चुकवत होते आणि रात्री आईपाशी स्काइपवर रडत होते.

आता चहाची गोष्ट सांगते, माझं इथलं नावही त्यावरूनच आहे.

लेअर म्हणजे ऑस्टफ्रिसलँड. बाकी जर्मनी कॉफी पिते, हे लोक चहा पितात, आणि आपल्याला लाजवतील इतका पितात, माणशी वर्षाला ३०० लिटर. पानं बरीचशी आपल्या आसामचीच. दुसऱ्या रविवारी मला होस्ट आजीकडे नेलं. टेबलावर किटली, किटलीखाली तिला ऊब द्यायला छोटी मेणबत्ती लावलेली घडवंची, आणि बायकांच्या तळहातात मावतील एवढे पातळ चिनी मातीचे कप. आजीने कपात खडीसाखरेचा खडा टाकला, त्यांच्या भाषेत क्लुंट्ये. त्यावर कडकडीत चहा ओतला की खडा तडतडतो. सगळे गप्प बसून तो आवाज ऐकतात. मग चपट्या चमच्याने साय कपाच्या कडेने सोडली, ती आधी तळाला गेली आणि ढगासारखी वर आली. मला वाटलं आपल्या चहात दूध घातलंय. मी चमचा घेतला आणि गरागरा ढवळलं, टपरीवर ढवळतात तसं. आजीने जो श्वास आत घेतला तो मला अजून ऐकू येतो. ढवळायचं नसतं. आधी साय, मग कडू चहा, मग तळाशी गोड, असं क्रमाने प्यायचं असतं.

बरं, पुढचा घोळ त्याहून मोठा. कप संपला की आजी न विचारता परत भरत होती. यावेळी मी ठरवलं होतं की नको म्हणायचंच नाही, कारण नको म्हटलं की उपास घडतो. दोन झाले, तीन झाले, पाच झाले. सहाव्या कपाला पोटात समुद्र झाला होता आणि आजीही माझ्याकडे जरा घाबरूनच बघायला लागली होती. शेवटी धाकट्या भावाने माझा चमचा बशीतून उचलला आणि माझ्या कपात उभा ठेवला. एवढंच. चमचा कपात म्हणजे पुरे. तीन कप ही रीत, तीनच्या आत थांबणं बरं दिसत नाही, आणि थांबायचं असेल तर तोंडाने काही बोलायची गरज नाही. घरातल्या दहा वर्षांच्या पोराला जे माहीत होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

ताई, तुमच्या मुलीच्या घरात असे कपातले चमचे चार-पाच तरी असणार. अंघोळ हा त्यातला एक. माझ्या बाथरूमच्या दारावरही चिठ्ठी होती. मला अपमान वाटला होता, नंतर बघितलं तर फ्रिजवर, तळघरात, कचऱ्याच्या पिवळ्या डब्यावर, सगळीकडे चिठ्ठ्या, आणि त्या स्वतःच्या मुलांसाठीही. गरम पाण्याचं बिल हा भाग आहेच, पण त्यापेक्षा मोठी भीती ओलीची असते. घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली, वाफ भिंतीत मुरली की काळी बुरशी धरते. म्हणून अंघोळ झाल्यावर खिडकी पाच मिनिटं सताड उघडायची, बाहेर बर्फ असला तरी. काचेवरचं पाणी रबराच्या पट्टीने ओढून काढायचं. मी पंधरा-वीस मिनिटं शॉवरखाली उभी राहायचे, कारण तेवढाच वेळ मला मराठीत विचार करता यायचा. पण भिंतीला ते काय कळणार.

"हे हॉटेल नाही" यावर मात्र मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. मलाही असंच काहीसं ऐकवलं होतं, आणि खरं होतं. शाळेतून यायचं, खोलीचं दार लावायचं, लॅपटॉप उघडायचा. ताट उचलून सिंकपर्यंत न्यायचे म्हणून मी स्वतःला गुणी समजत होते. तिकडे भांडी मशीनला लावणं, रिकामं करणं, रिकाम्या बाटल्या दुकानात परत नेणं (एका प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, गंमत वाटायची), ही पोरांची कामं. होस्ट फॅमिलीला आपल्याला ठेवायचे पैसे मिळत नाहीत, ती काही पेइंग गेस्टची खोली नव्हे. त्यांना घरात एक मूल वाढवून हवं असतं, आणि मुलाने खोलीबाहेर यावं लागतं.

आणि आता रागावू नका. तुमचा रात्री एकचा फोन हा निम्मा आजार आहे. मी रोज तासभर आईशी बोलायचे, तोपर्यंत माझा दिवस साताऱ्यातच चालू होता, अंग तेवढं लेअरमध्ये. माझ्या क्लबच्या काउन्सेलरबाईंनी रविवार ठरवून दिला. रविवारी दुपारी चार, एक तास. पहिला आठवडा आई आणि मी दोघीही मेल्यासारख्या झालो. तिसऱ्या आठवड्यात मी रविवारी पंधरा मिनिटं उशिरा आले आणि आई चिडली. मला मनातून बरं वाटलं होतं, का ते तेव्हा कळलं नाही.

त्या १४ वर्षांच्या मुलीचं फार मनावर घेऊ नका. तिचीही बाथरूम वाटली गेली आहे. माझी होस्ट बहीण १३ ची होती, दोन महिने माझ्याकडे बघायचीही नाही. त्या भागात १० नोव्हेंबरला लहान मुलं कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि खाऊ गोळा करतात. मार्टिन ल्यूथरचा जन्मदिवस म्हणून. त्या वर्षी दिवाळी १३ ला होती. मी जेवणाच्या टेबलावर कामट्यांऐवजी बार्बेक्यूच्या काड्या आणि पतंगी कागद घेऊन आकाशकंदील करायला बसले, तर ही येऊन उभी राहिली आणि म्हणाली, गोंद फार लावतेस. दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य! मग शेपट्या तिने कापल्या.

होस्ट आईला तुम्ही मेसेज करू नका. तुमच्या मुलीने बोलायला हवं, आणि रडत नाही, तर वहीत लिहून, पाठ करून. मी पाठ केलेलं वाक्य असं होतं: "आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात, मला अजून सवय गेली नाही, तुम्ही दुसऱ्यांदा विचाराल का?" होस्ट आई आधी हसली, मग तिला रडू आलं. आणि दुसरं, "मी कधी कधी संध्याकाळी खिचडी करून घेऊ का?" उत्तर आलं, अर्थातच, तू इथे राहतेस. फक्त फोडणीच्या आधी खिडकी उघडायला सांगा. माझ्या मोहरीने छतावरचा धुराचा अलार्म कोकलला होता आणि शेजारचे आजोबा शिडी घेऊन आले होते.

पार्सल: तूप, पेढे, दुधाचं काहीही नको. युरोपियन युनियनबाहेरून पोस्टाने दूध-मांसाचे पदार्थ चालत नाहीत. भडंग आणि मेतकूट चालेल. भेट म्हणून पाठवा, किंमत ४५ युरोच्या आत, आणि फॉर्मवर नुसतं "फराळ" न लिहिता इंग्रजीत काय आहे ते नीट लिहा.

रंकाळ्याची_काकू (१५ ऑक्टोबर, रात्री ९:२०)

तीन_कप, वाचून हसले आणि थोडी शरमलेही. आम्ही उलट्या बाजूचे. आमचा मुलगा एक्स्चेंजला गेला तेव्हा आमच्याकडे फ्रान्सची मुलगी आली होती, १७ वर्षांची, चार महिने.

तुला चमचा माहीत नव्हता, तिला ताटात शिल्लक ठेवायचं माहीत नव्हतं. तिच्या आईने शिकवलेलं, वाढलेलं संपवायचं. माझ्या आईने मला शिकवलेलं, पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये. पहिल्या रविवारी पुरणपोळी होती. ती संपवतेय, मी वाढतेय. ती संपवतेय, मी वाढतेय. मी सासूबाईंना कौतुकाने म्हणतेय, बघा कशी आवडीने खाते. पाचव्या पोळीला ती उठली आणि मोरीत जाऊन उलटी केली. हे मी आजवर माहेरी सांगितलेलं नाही.

आणि दार. ती खोलीचं दार लावून बसायची, आम्हाला वाटायचं रुसली. मी आपली दर अर्ध्या तासाने दार उघडून, चहा घेतेस का, पोहे खातेस का. आमच्या घरात दार वाजवायची पद्धतच नाही, नवरासुद्धा खाकरतो फार तर. महिन्याने क्लबचे गृहस्थ आले आणि फार संकोचून म्हणाले, वहिनी, मुलगी म्हणते घर फार चांगलं आहे, पण मला एकटीला बसायला मिळत नाही. मला इतकं लागलं की दोन दिवस मी तिच्याशी मोजकंच बोलले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर रुसणारी मी! मग मुलानेच तिकडून फोनवर सांगितलं, आई, दार वाजव आणि थांब, ती "हो" म्हणाली तरच आत जा. दार वाजवायला मला पंचेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं.

सांगलीच्या ताई, त्या जर्मन बाईही आत्ता त्यांच्या बहिणीला फोन करून तुमच्या मुलीबद्दल काहीबाही सांगत असतील आणि त्यांचीही झोप गेली असेल, एवढं धरून चाला.

ओहायोकर (१६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०)

वरचं सगळं मान्य, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी अमेरिकेत काही वर्षं एक्स्चेंजच्या मुलांचा स्थानिक कोऑर्डिनेटर होतो. "संस्कृतीतला फरक" हे वाक्य फार सोयीचं आहे आणि त्याखाली नको ते झाकलं जातं. मी बघितलेल्या दहा तक्रारींतल्या आठ-नऊ पाव, बाथरूम आणि वायफायच्याच होत्या. उरलेली एक तशी नव्हती. एका मुलाच्या घरी फ्रिजला कुलूप होतं. तो महिनाभर मला "ऑल गुड" म्हणत राहिला, कारण मी दर वेळी होस्ट बाबांसमोरच विचारत होतो. ती चूक माझी. त्यानंतर मी मुलांना एकट्याला गाडीतून आइस्क्रीम खायला न्यायला लागलो.

तेव्हा ताई, मुलीला चार गोष्टी सरळ विचारा, आणि ती घरात एकटी असताना किंवा बाहेर फिरायला गेलेली असताना. पासपोर्ट तुझ्याच ताब्यात आहे ना? भूक लागली तर फ्रिज उघडता येतो का? रोज त्यांची मुलं सांभाळायला किंवा घर साफ करायला लावतात का? हातभार वेगळा, मोलकरीण वेगळी. आणि कोणाचा स्पर्श, कोणाची नजर, खोलीत येणं, यातलं काही नकोसं वाटतं का? यातल्या एकाही उत्तराने पोटात गोळा आला तर जानेवारीची वाट बघू नका. त्याच दिवशी तिथल्या काउन्सेलरला सांगा. रोटरीत काउन्सेलर होस्ट फॅमिलीतला नसतो, मुद्दाम वेगळा देतात, तो याचसाठी. इथे अमेरिकेत जे-१ व्हिसावर आलेल्या शाळकरी मुलांशी कोऑर्डिनेटरने दर महिन्याला बोलायचं असा सरकारी नियम आहे, घरातल्या मोठ्या माणसांची गुन्हेगारी नोंदही आधी तपासतात. तरीही मी वर सांगितलं ते घडलंच. जर्मनीत मुलांसाठी ११६१११ हा फुकट नंबर आहे, तिच्या फोनमध्ये असू दे.

या चारही गोष्टी ठीक असतील तर मग तीन_कप म्हणतात तेच करा. आणि घर बदललं तरी पुढच्या घरातही रात्री पावच असणार.

सांगलीची_आई (१७ ऑक्टोबर, रात्री ११:३०)

सगळ्यांचे आभार. ओहायोकर, तुमचे चार प्रश्न विचारताना माझा हात थरथरत होता. ती म्हणाली, "आई, काय विचारतेस तू हे, छे!" फ्रिज उघडता येतो, पण तिने कधी उघडला नाही, "त्यांचा आहे" म्हणून. पासपोर्ट तिच्या कपाटात. बाकी काही नाही. एवढ्यावरच मी निम्मी झोपले काल.

मग तीन_कप यांचा प्रश्न विचारला. जरा वेळ गप्प. मग म्हणे, "मग काय, पहिल्याच वेळी हो म्हणायचं? हावरट दिसत नाही का?" हे मीच शिकवलंय तिला, कोणाकडे जाऊन हावरटासारखं करायचं नाही. अंघोळ पंचवीस मिनिटं चालते हेही कबूल झालं. खिडकी उघडत नाही, कारण थंडी वाजते.

वाक्य मराठीत लिहून दिलंय, जर्मन तिचं ती करणार आहे. फोन रविवारी. मला जमेल का माहीत नाही.

तीन_कप (१८ ऑक्टोबर, सकाळी १०:१५)

न जमलं तर इथे लिहा, तिला फोन लावू नका.

सांगलीची_आई (२१ नोव्हेंबर, रात्री १०:०५)

धागा वर काढतेय. काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं होतं म्हणून.

रविवारचं जमतंय, बुधवारी एकदा चुकून फोन लागला माझ्याकडून (चुकून नाही). तिने उचलला नाही, फुटबॉल बघायला गेली होती, होस्ट बहिणीबरोबर. "हॉटेल"चं काय ते कळलं. होस्ट आईचं म्हणणं होतं की तू पाहुणी नाहीस, घरातली आहेस, हॉटेलात असल्यासारखी दर वेळी विचारून पाणी पिऊ नकोस. पोरीला जर्मन अर्धवट कळलं आणि मला तिच्याकडून त्याच्याही अर्धं. अंघोळीवरून मात्र त्या खरंच चिडल्या होत्या, ते काही गैरसमजाचं प्रकरण नव्हतं. आता स्वयंपाकघरातलं अंडं उकडायचं टायमर बाथरूममध्ये ठेवलंय.

भडंग पोचलं, अडीच आठवड्यांनी, थोडं सादळून. तिने मोठ्या वाडग्यात काढून टेबलावर ठेवलं आणि शाळेत गेली. सकाळची वेळ. होस्ट बाबांनी बघितलं, फुगवलेले तांदूळ, शेंगदाणे, नवीन प्रकारची म्यूसली दिसतेय. वर गार दूध ओतलं, केळं चिरून घातलं आणि पूर्ण वाडगा संपवला. संध्याकाळी तिला म्हणाले, चव छान आहे, पण सकाळी सकाळी लसूण जरा जास्त होतो.